घरी काडतुसं भरायचं मशीन घेऊ का, असं विचारणाऱ्या इंदूरच्या एका बाबांना

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी १४ वर्षांची, आठ महिन्यांपासून क्लबात १० मीटर एअर रायफल मारतेय, ६० शॉटला दशांशातल्या मोजणीत (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) ५९० च्या आसपास अडकलीये, मधूनच एखादा आठ जातो आणि मग ती रडवेली होऊन घरी येते. पुढच्या वर्षी तिला पॉइंट टू-टू वर, म्हणजे काडतुसाच्या .२२ बोअर रायफलवर, न्यायचा विचार आहे. अमेरिकेतला भाचा घरच्या घरी काडतुसं भरतो, त्याचे व्हिडिओ बघून तुम्हाला वाटलं की आपणही प्रेस, डाय, तराजू ही भरायची अवजारं घ्यावी, क्वालिटी आपल्या हातात राहील आणि खर्चही वाचेल. बजेट ६० हजार, घर लोकमान्य नगरात, वर गच्ची.

मी इंदुरात २२ वर्षं मुलांना रायफल शिकवतोय, त्यामुळे जे लिहितोय ते रोजच्या कामातलं आहे. पण रायफल कुठली, क्लब कुठला, मुलीची उंची किती यावर बरंच अवलंबून असतं, तेवढं धरून वाचा.

आधी मशीनचं बोलू कारण ते लवकर संपतं. भाचा जे करतो ते सेंटरफायर काडतुसाचं. त्यात पितळेच्या केसच्या बुडाशी मधोमध प्रायमर असतो, तो वापरून झाला की काढता येतो आणि नवा बसवता येतो, म्हणून ती केस पुन्हा पुन्हा भरता येते. पॉइंट टू-टू म्हणजे रिमफायर. त्यात वेगळा प्रायमर नसतोच, पेटणारा मसाला केसच्या बुडाच्या कडेत, त्या पोकळ रिममध्ये फिरवून बसवलेला असतो आणि पिन त्याच कडेवर आपटते. एकदा मारलेली केस हातात घेऊन बघा, कड चेपलेली दिसेल, ती केस संपली. जगात कुठलाही मॅच शूटर पॉइंट टू-टू घरी भरत नाही. पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं ते रिमफायरवर, आणि इथं आपल्या शेजारी महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेल्या विजय कुमारनं २०१२ ला लंडनला रॅपिड फायर पिस्तूलमध्ये सिल्व्हर घेतलं, तो इव्हेंटही पॉइंट टू-टूचाच. सगळी फॅक्टरीची काडतुसं.

दुसरं कारण कायद्याचं. आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे अ‍ॅम्युनिशन बनवायला लायसन लागतं, आणि घरात काडतूस भरणं हे बनवणंच झालं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. भाच्याच्या देशात जे छंद म्हणून चालतं ते इथं घरात मुलगी असताना करायचं नाही, आणि ‘नुसतं मशीन आणून ठेवतो’ असंही नाही. पॉइंट टू-टूची वेळ येईल तेव्हा काडतुसं क्लबच्या लायसनवर क्लबातूनच मिळतील, तो विषय कोचवर सोडा.

तर मशीन बाद. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटातला खरा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे तिचे आठ का जातायत, आणि दोष छर्र्यांचा आहे का? हे पैसे न खर्चता तपासता येतं आणि ते आधी तपासायला पाहिजे.

जरा गणित करू. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पेनानं टेकवलेलं टिंब. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्र्याची कड ठिपक्याला शिवली की दहा, म्हणजे छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला तर दहा मिळतो. तिथून प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरची आणि दशांशातला प्रत्येक पॉइंट पाव मिलिमीटरचा. आता नऊच्याही बाहेर, आठात जायला मध्य पाच मिलिमीटरच्या पुढे सरकायला हवा. चांगल्या लॉटचा, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या छर्र्यांचा, ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) रायफल शिकंज्यात बांधून मारला तर कडेपासून कडेपर्यंत पाच-सहा मिलिमीटरचा येतो, त्यात भोकच साडेचार मिलिमीटरचं असतं हे विसरू नका. खराब लॉटचा ग्रुप समजा नऊ मिलिमीटरचा आला, तरी मधल्या बिंदूपासून छर्रा सव्वादोन मिलिमीटरच सरकला. म्हणजे रायफल अगदी मधोमध धरलेली असेल तर खराब लॉट एकटा दहाचा फार तर काठाचा दहा करेल, आठ करणार नाही. खराब छर्रे सरासरी खातात, १०.५ चा १०.१ करतात, ६० शॉटमध्ये ते दुखतं हे खरं. पण आठ येतो तो खांद्यातून, श्वासातून, ट्रिगरच्या बोटातून, नाहीतर एखाद्या ढिल्या स्क्रूतून.

म्हणून पहिलं काम स्क्रूचं. क्लबची रायफल दिवसाला चार-पाच मुलं वापरतात, खांद्याला टेकणारी बटप्लेट वर-खाली होते, गालाखालचा चीकपीस हलतो. डायॉप्टरचा, म्हणजे मागच्या साइटचा, रेलवरचा स्क्रू, स्टॉकचे बोल्ट, पुढची साइट, सगळं ॲलन कीनं बघा, कचकचून आवळू नका, बोटांच्या जोरानं. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडं एक मुलगा तीन आठवडे ‘सर, माझं डोकंच चालत नाहीये’ म्हणत होता, आणि निघालं काय, तर डायॉप्टर रेलवर केसभर हलत होता. अंगठ्यानं दाबलं की टिक असा बारीक आवाज यायचा. त्या आवाजासाठी पोरगं स्वतःला दोष देत बसलं होतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे आधी बघा अशी कळकळीची विनंती आहे, कारण १४ व्या वर्षी पोरं सगळा दोष स्वतःवरच घेतात.

स्क्रू ठीक निघाले की रायफल क्लबात शिकंज्यात बांधायला सांगा, नाहीतर वाळूच्या पिशवीवर नीट टेकवून कोचनं मारू दे, आणि हातातल्या छर्र्यांचे दहा-दहाचे तीन ग्रुप मारा. मग दुसरे छर्रे, तसेच तीन ग्रुप. कागदावर पेन्सिलनं डब्याचं नाव, हेड साइज आणि लॉट नंबर लिहा. हेड साइज म्हणजे डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं छापलेलं असतं ते. प्रत्येक बॅरलला वेगळा आवडतो आणि कुठला आवडेल हे मारल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, दुकानदारही नाही आणि मीही नाही. आरडब्ल्यूएसचा आर-१०, एच अँड एनचा फिनाले मॅच, जेएसबीचा मॅच हे सगळे उत्तम छर्रे आहेत, पण एका रायफलला आर-१० चा ४.५० आवडला म्हणून शेजारच्या रायफलला आवडेल असं नाही. माझ्याकडं एकाच मॉडेलच्या दोन रायफली आहेत, दोन्हींचे डबे वेगळे. भाचा तिकडे प्रेसवर बसून जे साधतो, म्हणजे प्रत्येक फैर आधीच्यासारखीच निघणं, ते आपल्याकडं या टेस्टिंगमधून साधतं. भरायचं काही नाही, निवडायचं आहे. आणि एकदा लॉट जमला की त्याच लॉटचे पाच-सहा डबे एकदम घ्यायचे, एकेक डबा आणत बसलात तर तिसऱ्या डब्याला लॉट बदललेला असतो आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. मॅच छर्र्यांचा ५०० चा डबा हजाराच्या आसपास धरा, म्हणजे सहा डबे आले तरी तुमच्या बजेटचा दहावा हिस्सा.

तराजूचं तुम्ही विचारलंत, छर्रे वजन करून वेगळे करायचे का? रायफलचा मॅच छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा. मी दोन सीझन हे केलंय, रात्री बसून, मिलिग्रॅमच्या तराजूवर, एकेक छर्रा चिमट्यानं उचलून. चांगल्या डब्यात फरक इतका थोडा निघतो की ग्रुपमध्ये मला तो कधी वेगळा दिसला नाही. त्यापेक्षा नजरेनं तपासा. छर्रा पालथा धरून ट्यूबलाइटकडं करायचा आणि मागची जी झालर असते, स्कर्ट म्हणतात तिला, ती गोल आहे का बघायची. डबा एकदा हातातून पडला की शंभरातले पाच-सात स्कर्ट चेपतात, बोट फिरवलं की कळतं. तो छर्रा मॅचला नको, वॉर्मअपला वापरा. ह्या कामाला तराजू लागत नाही, मुलीला रोज दहा मिनिटं हे करायला बसवा, हातही शांत होतो.

आता हवा, आणि इथं मला थोडं जास्त लिहायचंय कारण जीवाचा प्रश्न आहे. मॅच रायफलला सिलिंडर असतो, २०० किंवा ३०० बारचा. त्यावर तारीख कोरलेली असते, आणि बनल्यापासून साधारण १० वर्षं त्याचं आयुष्य धरतात. सेकंडहँड रायफल घ्यायची वेळ आली तर पहिल्यांदा हीच तारीख वाचा. मी एकदा न वाचता घेतली, पॉलिश छान, बॅरल छान, घरी आणून उजेडात बघतो तर सिलिंडर मुदत संपून दोन वर्षं झालेली, विकणारा फोन उचलेना, नवा सिलिंडर घ्यावा लागला. ते पैशाचं नुकसान होतं, सहन झालं. दुसरी गोष्ट सांगतो ती सहन झाली नसती. आमच्याकडं एक वडील होते, कामाचे, धडपडे, अगदी तुमच्यासारखे. हातपंपानं हवा भरून कंटाळले आणि एके दिवशी रायफलचा सिलिंडर रुमालात गुंडाळून सांवेर रोडला गॅस भरणाऱ्याकडं निघाले, ऑक्सिजन भरून आणतो म्हणाले, हवेतही ऑक्सिजनच असतो ना सर. मी त्यांच्या स्कूटरची चावी काढून घेतली. जास्त दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा, ग्रीसचा एक थेंब मिळाला तरी स्फोट होतो, आणि रायफलच्या आत सील, ग्रीस सगळं असतंच. ऑक्सिजन कधीच नाही, कुठलाही ज्वलनशील गॅस कधीच नाही, फक्त कोरडी हवा. सिलिंडरच्या आट्यांना घरातलं मशीनचं तेल लावायचं नाही. भरताना सावकाश भरायचं, झटकन भरलं तर सिलिंडर गरम होतो आणि थंड झाल्यावर दाब खाली येतो.

हवा कशानं भरायची? क्लबात स्कुबाचा मोठा सिलिंडर असेल तर तिथंच भरा, घरी काही घेऊ नका. हातपंप स्वस्त असतो पण आपल्याकडं जुलै-ऑगस्टात जी दमट हवा असते ती तो पाण्यासकट आत ढकलतो, आणि ते पाणी सिलिंडर-रेग्युलेटर गंजवतं. घ्यायचाच तर कोरडं करणारा फिल्टर लावलेला घ्या आणि पावसाळ्यात तो वारंवार बदला. एकदा भरलेल्या सिलिंडरवर दोनशेच्या वर शॉट निघतात, म्हणजे आठवड्यातून दोनदा क्लबात भरलं तरी पुरतं. घरी कॉम्प्रेसर घेण्याचा खर्च आत्ता तरी नको.

आता घरची प्रॅक्टिस. गच्चीवर नको, एवढं ठाम सांगतो. लोकमान्य नगरात गच्च्या एकमेकींना लागून आहेत, संक्रांतीला पतंगामागं पोरं कुठून उडी मारून येतील सांगता येत नाही, वाराही असतो आणि उजेड दर तासाला बदलतो. मॅच रायफल फार जोरदार नसते, छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरनं जातो, म्हणजे साधारण आठ ज्यूल. आपल्या आर्म्स रूल्स २०१६ मध्ये लायसन लागायची हद्द २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटर बोअरच्या पुढे आहे, त्यामुळे लायसन लागत नाही. पण लायसन लागत नाही म्हणजे धोका नाही असं नाही, आठ ज्यूल डोळा फोडायला भरपूर आहेत. तुमचं घर जुन्या पद्धतीचं लांबट असेल, ओट्यापासून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत सरळ, तर दहा मीटर मिळून जातात, पण मग मधल्या प्रत्येक दाराला आतून कडी पाहिजे आणि घरातल्या सगळ्यांना वेळ ठाऊक पाहिजे. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. मागं तिरक्या लोखंडी पत्र्याची पेटी, छर्रा खाली घसरून पडेल अशी, आणि पेटीच्या मागं भिंत, दार किंवा खिडकी नको. टार्गेटवर उजेड दीड हजार लक्सच्या वर असावा, साधा एलईडी फ्लडलाइट टार्गेटकडं तोंड करून लावला की होतं, तिच्या डोळ्यांत मात्र जाता कामा नये.

छर्रा शिशाचा असतो हे विसरू नका. पेटीजवळ करडी भुकटी साठते ती झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्यायचं. शूटिंग झालं की साबणानं हात, मग खाणं. रविवारी प्रॅक्टिसनंतर पोह्यांच्या प्लेटवर तसेच तुटून पडणाऱ्या पोरांना मी दारातूनच नळावर परत पाठवतो. तिला छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच मोडा, ही सवय मी खूप मुलांमध्ये बघितलीये.

आणि खरं सांगू, घरी छर्रा मारायची गरजच थोडी आहे. घरी करायची ती ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा नाही, हवा नाही, फक्त होल्ड (रायफल स्थिर धरणं) आणि ट्रिगर. बहुतेक मॅच रायफलींना ड्राय फायरची सोय असते. पाच मीटरवर पांढऱ्या कागदावर निम्म्या आकाराचं टार्गेट छापून लावा, साइटमधून तेवढंच दिसतं जेवढं दहावर. आधी तिला नुसत्या कोऱ्या भिंतीवर ट्रिगर दाबायला सांगा, टार्गेटच नाही, म्हणजे लक्ष बोटावर राहील. मग टार्गेटवर, आणि ट्रिगर पडल्यावरही दोन सेकंद तशीच धरून ठेवायची. तुमच्या मुलीचे आठ बहुतेक इथंच सापडतील. ट्रिगर पडताना पुढची साइट कुठं गेली ते तिनं तोंडानं बोलून सांगायचं, डावीकडं, वर, असं. वीस मिनिटं, रोज, कोणी न टोकता. तुम्ही समोर बसून स्कोअर विचारायचा नाही हे मात्र तुमच्यावर.

रायफल विकत घ्यायची का? आत्ता नको. परदेशी मॅच रायफल अडीच लाखाच्या पुढे जाते, तुमच्या बजेटात ती येत नाही आणि १४ व्या वर्षी मुलीची उंची अजून वाढतेय. देशी रायफली, प्रिसीहोलसारख्या, शिकायला बऱ्या आहेत, पण ती आधीच क्लबच्या मॅच रायफलवर मारतेय, खाली उतरवू नका. क्लबला विनंती करा की तिला शक्यतो एकच रायफल ठरवून द्या आणि तिच्या सेटिंगच्या खुणा पांढऱ्या पेननं करू द्या, म्हणजे रोज बटप्लेट शोधायला नको. ह्याला एक रुपया लागत नाही आणि फरक लगेच दिसतो.

तुमचे ६० हजार मी असे लावीन. सगळ्यात मोठा हिस्सा जॅकेट, ट्राउझर आणि बुटांवर, मापाचे, पण अगदी घट्ट नाही, एक वर्ष वाढीची जागा ठेवून शिवून घ्या. जॅकेटची जाडी नियमात अडीच मिलिमीटरच्या आत बसते ना ते शिवणाऱ्याकडून मोजून घ्या, नाहीतर मॅचच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीत, काढून ठेवावं लागतं आणि मूल तिथंच खचतं. दुसऱ्याचं उतरलेलं जॅकेट घेतलं तर पाठ आणि खांदे जुळतायत का बघा, लांबी-बाही नंतर कमी-जास्त करता येते पण पाठ बसली नाही तर ती रायफल पाठीच्या स्नायूंवर पेलते आणि चाळीसाव्या शॉटनंतर कंबर बोलायला लागते. मग सहा डबे छर्रे एकाच लॉटचे. मग ग्लव्ह, चांगला स्टँड, ब्लाइंडर (न वापरायचा डोळा झाकणारी पट्टी). उरलेले पैसे ठेवून द्या, मॅचला जायला-यायला, भोपाळच्या बिशनखेडीला अ‍ॅकॅडमीच्या रेंजवर मॅच असल्या तर राहायला लागतातच.

पॉइंट टू-टू चं म्हणाल तर मी घाई करणार नाही. एअरवर ६० शॉटचा स्कोअर ६१५ च्या वर तीन मॅच सलग आला की बोला, तोवर तिचा होल्ड, तिचा श्वास, तिची ट्रिगरची सवय एअरवरच पक्की होऊ द्या, कारण ५० मीटरला वारा येतो आणि वाऱ्याबरोबर सगळ्या जुन्या चुका मोठ्या होऊन दिसतात.

ह्या आठवड्यात एवढंच करा: स्क्रू बघा, रायफल शिकंज्यात बांधून तीन ग्रुप मारा, आणि त्या कागदांचे फोटो पाठवा, सोबत रायफलचं मॉडेल, डब्यावरची हेड साइज आणि लॉट नंबर. आणि मुलगी उभी राहून रायफल धरते तेव्हाचा एक फोटो बाजूनं, एक मागून. मागून काढताना तिची टाच दिसू द्या.